पाणक्याचा टप्पा

कॅमेरा वळला तेव्हा चंद्रिका भज्यांचं ताट घेऊन हॉलच्या दारात उभी होती. टीव्हीवर कुठल्यातरी परदेशी डोंगराचा उतार होता, रस्ता ओला होता, आणि सायकली एकामागून एक खाली सुटल्या होत्या. वळणावर एक जण आत झुकला, मागचं चाक सरकलं, आणि कठड्यापलीकडं तो दिसेनासा झाला. पडला म्हणायलासुद्धा सवड मिळाली नाही. हेलिकॉप्टरातला कॅमेरा क्षणभर त्या रिकाम्या कठड्यावर थांबला आणि मग कुणीतरी हनुवटी धरून तोंड फिरवावं तसा पुढं वळला, सगळ्यांच्या पुढं असलेल्या उंच पोराकडं. शर्यतीचं वर्णन करणारे दोघं गोरे मध्येच गप्प झाले होते. थोड्या वेळानं एकानं घसा साफ केला आणि पहिल्यात आणि दुसऱ्यात किती अंतर आहे ते सांगायला लागला. चंद्रिकाच्या दोन्ही स्तनांत एकदम कळ आली, दूध भरून आल्यासारखी. दूध आटून दोन वर्षं झाली होती.

"कोन गेला रं?" धुळानं विचारलं. हा सांगोल्याकडचा, धनगराच्या घरचा, इथं शाळेत पीटीचा मास्तर. सायकलवर बसला की पोटाला जीव नसल्यासारखा सपाट होतो आणि खाली उतरला की भज्यांच्या ताटाकडं बघतो.

"आपला न्हवं. आपले तिघंबी पुढं हायत," अनिलकुमार म्हणाला. हा बँकेत होता, आणि बँकेतल्या माणसाला शोभेल असा सगळ्याचा हिशेब तोंडावर ठेवायचा.

"माझा," चंद्रिका म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. "ताट ठेव की खाली, गार व्हायलेत," तिचा नवरा संगमेश पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

'आपला' म्हणायची त्यांची एक रीत होती. दर पावसाळ्यात तिकडच्या डोंगरांतली ही तीन आठवड्यांची शर्यत सुरू व्हायच्या आदल्या दिवशी जुळे सोलापुरातल्या या हॉलमध्ये सगळे जमायचे, नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून हलवायचे आणि एकेक उचलायचे. जो हाती येईल तो तीन आठवडे आपला. त्याला दम लागला की इथं तांब्याभर पाणी प्यायचं, तो घाट चढायला लागला की इथं मांडी आवळून बसायचं. ज्याचा गडी सगळ्यांत मागं पडेल त्यानं रविवारी मंद्रूपपर्यंत सायकली हाणल्यावर तिथल्या बाजारात सगळ्यांना चहा पाजायचा. यंदा धुळानं डबा चंद्रिकापुढंही धरला होता. "वहिनी, तुमीबी उचला की. नुसती भजी तळून कुटं शर्यत कळती व्हय?" तिनं उचलली. नाव वाचून संगमेशला हसू आवरेना. "हिला पाणक्या आला! अरे, हा कधी जिंकायचा न्हाय. ह्याचं काम मागं गाडीपाशी जायचं, बाटल्या घ्यायच्या, आणि बाकीच्यांना नेऊन द्यायच्या. जन्मभर पाणी वाहायचं." नाव उच्चारायला अवघड होतं म्हणून तो पाणक्याच राहिला. पण तेव्हापासून चंद्रिका त्यालाच बघायची. घोळक्यात तो कुठं आहे ते तिला शोधावं लागायचं नाही. पाठीवर आणि पोटावर बनियनच्या आत बाटल्या कोंबून तो वर यायचा तेव्हा दिवस भरलेल्या बाईसारखा दिसायचा, तसाच जपून, तसाच थोडा मागं रेललेला. एकेक बाटली काढून देत देत तो हळूहळू सपाट व्हायचा. कॅमेरा त्याच्यावर कधी ठरायचा नाही. कडेकडेनं दिसायचा तेवढाच. आज ती दारात आली तेव्हा त्याच्या पोटात अजून बाटल्या होत्या.

ते तिघं शेवटापर्यंत बघत राहिले. धुळाचा गडी तिसरा आला. आरडाओरडा झाला, लेक गिरिजा आतल्या खोलीतून तिची तीनचाकी रेटत आली आणि कशासाठी ते न कळता तीही ओरडली. चंद्रिकानं तिचा हात घट्ट धरला. फार घट्ट धरला असावा, कारण पोरीनं तो ओढून घेतला. गॅसचं बटण, गॅलरीची जाळी, शेंगदाणा घशात जाणं, बादलीतलं पाणी, जिन्यातला कुत्रा: चंद्रिकाचा दिवस असा एकेका गोष्टीवर पहारा देण्यात जायचा. बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं, त्यामुळं न दिसणाऱ्या गोष्टीही पहाऱ्यात असायच्या. "तुझ्या डोक्यात सगळ्या गाड्या उलटूनच येतात," संगमेश म्हणायचा. तो वाईट माणूस नव्हता. पंप आणि पाइपांचं दुकान, उजनीकाठच्या गावांतले शेतकरी दिवसभर मोटरी खोलून त्याच्यापुढं टाकायचे, तो हसतमुखानं ऐकून घ्यायचा. घरी येताना गिरिजासाठी काहीतरी आणायचा. एका गोष्टीबद्दल मात्र त्या घरात कुणी बोलायचं नाही. दोघांनाही ती कुठं पडली आहे ते ठाऊक होतं आणि दोघंही तिला वळसा घालून चालायचे.

गिरिजा एकटी जन्मली नव्हती. तिच्यामागं थोड्या वेळानं तिचा भाऊ आला होता, दिवस पुरे व्हायच्या आधीच, मुठीएवढ्या तोंडाचा. दोन दिवस दोघं काचेच्या दोन पेट्यांत शेजारी शेजारी होते. पावसाळाच होता, शर्यतीचेच दिवस. दुसऱ्या संध्याकाळी चंद्रिकाला चाकाच्या खुर्चीवरून दूध पोचवायला नेलं तेव्हा एका पेटीभोवती पाठीच पाठी होत्या, पांढऱ्या आणि निळ्या. ती त्या पाठींमधून बघायला वाकली, तर सासूनं, रत्नम्मानं, तिची हनुवटी धरून तोंड दुसऱ्या पेटीकडं वळवलं. "तिकडं नको बा. हिच्याकडं बघ. ही हाय की. हिच्याकडं बघ." नंतर सगळे तेच म्हणाले. डॉक्टर म्हणाले, वैरागहून आलेली आई म्हणाली, शेजारणी म्हणाल्या: एक तरी हाताला लागलं, हिच्याकडं बघायचं आता. चंद्रिकानं बघितलं. इतकं बघितलं की पोर झोपेत श्वास घ्यायला जरा थांबली तरी ती उठून बसायची. पण दूध दोघांचं येत होतं. शरीराला कुणी कळवलंच नव्हतं. एकीचं पोट भरल्यावर उरलेलं ती मोरीत पिळून टाकायची आणि वर तांब्याभर पाणी ओतायची. मोरीत पांढरं पाणी गोल फिरून जाळीतून खाली जायचं. पुढं कितीतरी दिवस हे चाललं. याबद्दलही कुणी बोललं नाही.

आणि संगमेश? त्या संध्याकाळी खुर्ची परत फिरवली तेव्हा दाराच्या काचेतून तिला तो दिसला होता. बाहेरच्या बाकावर, एका कानात वायर, मोबाइल दोन्ही हातांत धरलेला. पडद्यावर छोट्या छोट्या रंगीत ठिपक्यांची रांग सरकत होती. सायकली. मूल गेल्यावर बाप सायकली बघत होता. टाके ओढत होते. खोलीत आल्यावर सासऱ्यांचा, आप्पांचा, आवाज ऐकू आला, "चल, मी बघतो सगळं," आणि मग बराच वेळ कुणीच नव्हतं. परत आल्यावर आप्पांच्या चपलांना तांबडी माती होती. लिंगायतांच्या रीतीनं समाजाच्या रुद्रभूमीत नेलं असणार, जिथं माणसाला बसवून, हातात त्याचं इष्टलिंग देऊन मातीआड करतात. एवढ्याशा जिवाला बसवतात का? त्याच्या गळ्यात लिंग बांधलं होतं का? कुठल्या बाजूला, कुठल्या झाडाजवळ? दोघं बापलेक गेले असतील, दोघांनी माती लोटली असेल, असं धरून चालून तिनं ते सगळे प्रश्न संगमेशच्या नावानं बाजूला ठेवले होते. तो कधीतरी आपण होऊन सांगेल. त्याला सांगावंसं वाटलंच पाहिजे. ती वाट बघत राहिली, आणि ती वाट बघते आहे हे त्याला दिसतं आहे, असंही तिला वाटत राहिलं.

शर्यत बघायला ती याच्यासाठीच बसायला लागली. त्या संध्याकाळी त्याला मोबाइलमध्ये असं काय दिसत होतं? एकदा दुपारी, पोर झोपलेली असताना, तिनं त्या वर्षीचा तो दिवस शोधून काढला आणि कानात वायर घालून सगळाच्या सगळा बघितला. सपाट रस्ता. दोन्हीकडं सूर्यफुलं, मंद्रूपच्या रस्त्याला असतात तशीच, फक्त गवत जास्त. वारा. घोळका सरकतो आहे. कुणी पडलं नाही, कुणी पुढं निसटलं नाही, कुणी डोंगर चढलं नाही. तासन्‌तास काहीच घडलं नाही आणि शेवटी कुणीतरी चाकाभर अंतरानं जिंकलं. तिनं मोबाइल ठेवला. काहीतरी भयंकर रोमांचक असतं तर तिनं कदाचित माफ केलं असतं.

त्या संध्याकाळी मित्र उठून गेल्यावर, ताटं विसळून होईपर्यंत, संगमेशच्या मोबाइलवर अनिलकुमारचा निरोप आला. नुसते जोडलेले हात. मग खाली पाणक्याचं नाव, इंग्रजीत, पूर्ण. संगमेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "तो गेला," म्हणाला. "तुझा." ती विसळत राहिली. "दवाखान्यात नेलं, पण…" "मी बघितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही नव्हतं बघितलं." तो वळून हॉलमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी शर्यत होती आणि नव्हती. टीव्ही लावला तेव्हा सगळे घोळक्यानं निघालेले होते, पण कुणी पळत नव्हतं. ज्या वेगानं धुळा शाळेच्या मैदानावर पोरांच्या बाजूनं सायकल चालवतो त्या वेगानं ते सगळे चालले होते, गावांमधून, पुलांवरून, दंडाला काळ्या फिती बांधून. अनिलकुमार आला नाही. "आज काय बघायचं, रेसच न्हाय," असं त्यानं कळवलं. धुळा आला, हात बांधून दाराजवळच बसला. भजी नव्हती. रत्नम्मा जपाची पिशवी घेऊन आत जाता जाता थबकली.

"हे काय बा? आज मिरवणूक हाय काय?"

"न्हाय अव्वा," धुळा म्हणाला. "काल तेंच्यातला एक मेला. आज कुनी कुनाच्या पुढं जायाचं न्हाय, अशी रीत हाय तेंची. सगळ्यांनी संगं, हळू. शेवटाला त्येच्या टोळीची पोरं तेवडी पुढं जात्याल, बाकीची मागं ऱ्हात्याल."

"अय्यो. मग बंद ठेवायची की एक दिवस. मेल्यावर कशाला हिंडायचं?"

"बंद ठिवली तर लोक दुसरं कायतरी लावत्यात की अव्वा. हितं सबंध दिवस बघावं लागतं. नुसतं बघावं लागतं."

पदराचं टोक तोंडाशी धरून रत्नम्मा बराच वेळ टीव्हीकडं बघत उभी राहिली. कॅमेरा हलत नव्हता. पुढच्या कुणाकडं वळत नव्हता, कारण पुढं कुणी नव्हतंच. तो त्या संथ घोळक्यावरच ठरला होता, मिनिटामागून मिनिटं, आणि बोलणारे गोरेही जवळजवळ गप्प होते. रस्त्याच्या कडेला माणसं उभी होती. टाळ्या वाजवत होती, पण ओरडत नव्हती. चंद्रिका गिरिजाचा फ्रॉक मांडीवर घेऊन त्याचं बटण शिवायला बसली होती आणि सुई बोटात तशीच होती. असं करतात, तिच्या मनात आलं. असं करता येतं. कुणी अनोळखी, पाणी वाहणारा, ज्याच्याकडं कधी कुणी बघितलं नाही, त्याच्यासाठी जगभरातली माणसं काम टाकून काहीही न घडणारं बघत बसतात. आणि तिच्या पोराला अर्धी संध्याकाळसुद्धा मिळाली नव्हती. तिला राग यायला हवा होता. राग येत होताही, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी हलत होतं, आणि ते काय आहे हे कळायच्या आत धुळा उठला. "येतो, वहिनी," म्हणाला, आणि चपला घालताना, खाली बघून, "तुमचा गडी चांगला व्हता." रत्नम्माही आत गेली. आतून घंटेचा आवाज आला नाही. ती नुसतीच बसली असावी.

संगमेश हलला नव्हता. कोपर गुडघ्यांवर, दोन्ही हात एकमेकांत. तिनं त्याच्याकडं बघितलं तेव्हा त्याचं तोंड ओलं होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"याच्यासाठी रडताय?" ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून कोरडा निघाला.

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते कळेना.

"कुठं ठेवलंत त्याला?"

पाणक्याबद्दल विचारते आहे असं त्याला एक क्षणही वाटलं नाही. इतकी वर्षं तो प्रश्न अगदी दाराशीच उभा असावा तसा त्यानं तो ओळखला.

"मला माहीत न्हाय, चंद्रिका."

"म्हणजे?"

"मी गेलोच न्हवतो." तो टीव्हीकडं बघूनच बोलत होता. "आप्पा म्हणाले, बापानं जायचं नसतं. पहिल्या पोराच्या मागं बाप गेला तर पुढच्यावर सावली पडती, म्हणाले. तू हितं थांब, पोरगी हाय आत. त्यांनी दुपट्यात घेतलं, जिन्यानं खाली गेले. मी परत बाकावर बसलो. हातात काय धरावं कळंना. परत मोबाइलच धरला. ते चालू होतं, ते बघत ऱ्हायलो. त्यात काय दिसत होतं मला न्हाय सांगता यायचं. काहीतरी पुढं सरकत होतं एवढंच. ते थांबलं असतं तर…"

"आणि नंतर? आप्पांना विचारलं नाहीत?"

"विचारणार होतो. दर वर्षी हे दिवस आले की म्हणायचो, उद्या विचारू. तुझ्या तोंडाकडं बघून वाटायचं, तुला आप्पांनी सांगितलं असंल. तू बोलत न्हवतीस म्हणून मी बोलत न्हवतो." त्यानं आता तोंड पुसलं, बाहीनं, लहान पोरासारखं. "मग आप्पाच गेले. त्यांना बसवलं त्या दिवशी मी तिथं शोधलं. लोक माती लोटत होते आणि मी मागं जाऊन बारक्यांची बाजू कुठं ते बघत होतो. सगळं सपाट हाय. एकावर एक उकरलेलं. तिथला माणूसबी नवा. त्यानं विचारलं, काय हुडकताय मालक? मी म्हणलो, चप्पल."

चंद्रिकाला तो दिवस आठवला. सासऱ्यांना पोचवून आलेला नवरा, दोन्ही गुडघ्यांना माती, आणि ती मनात म्हणाली होती, वाकून नमस्कार केला असेल. तिनं ती पँट स्वतः धुतली होती. सोलापूरचं कठीण पाणी, माती लवकर निघाली नव्हती. आत्ता तिला एकदम पोकळ वाटलं, घरातली एखादी भिंत होती तिथं हात लावायला जावं आणि भिंतच नसावी तसं. ती ज्यावर रागावली होती, ज्याची वाट बघत होती, ज्याच्यावर पहारा देत होती, ते त्याच्याजवळ नव्हतंच. ते एका म्हाताऱ्या माणसाजवळ होतं आणि त्या माणसाला चंद्रिकानं रोज सकाळी स्वतःच्या हातानं चहा दिला होता. एक शब्द विचारला असता तर त्यांनी सांगितलं असतं. नेलंही असतं, काठी टेकत.

"लिंग?" तिनं विचारलं. "गळ्यात बांधलं होतं?"

त्यानं आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं. दारात रत्नम्मा उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"मला न्हाय सांगितलं बा त्यांनी," रत्नम्मा म्हणाली. "मी बी न्हाय विचारलं. पोरीला जपायचं होतं." मग, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं, "तुझं तोंड मी फिरवलं. सोताचंबी फिरवलं. आत्ता कळतंय, कुणीच बघितलं न्हाय त्याला."

गिरिजा तीनचाकी घेऊन या सगळ्यांच्या मधून आली आणि टीव्हीसमोर थांबली. सायकली तिच्या ओळखीच्या होत्या. ती थोडा वेळ बघत राहिली, मग वळली.

"आई, आज हे पळत का नाहीत?"

"त्यांच्यातला एक जण गेला."

"कुठं?"

देवबाप्पाकडं, हा शब्द तयार होता, संगमेशच्या ओठांवर आलाही होता. पोरीला सोपं पडावं म्हणून तो पुढं वाकलाही होता. चंद्रिकानं त्याच्याकडं बघितलं आणि तो तसाच राहिला. आतून, खोल कुठूनतरी, चंद्रिकाला वाटत होतं की तिनं तोंड उघडलं तर ओरडणं बाहेर पडेल. ते पडलं नाही. सुई तिनं फ्रॉकमध्ये टोचून ठेवली.

"आम्हाला माहीत नाही, गिरिजा," ती म्हणाली. "आम्ही कुणी बघितलंच नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही."

गिरिजानं एकेकाकडं बघितलं, आईकडं, बापाकडं, आजीकडं, मोठी माणसं काहीतरी लपवत असतील तर ते ओळखावं म्हणून. तिला काही सापडलं नसावं. ती तीनचाकीवरून उतरली आणि येऊन आईच्या पायाशी बसली. टीव्हीवर एक गाव संपलं, शेतं लागली. शेवटची रेघ अजून फार लांब होती. रत्नम्मा दारातून पुढं आली आणि खुर्ची न घेता फरशीवरच टेकली. कुणी दिवा लावला नाही, कुणी स्वयंपाकाला उठलं नाही. चौघंही बघत बसले.